विभाग चौदा, रांग एकतीस, खुर्च्या सात आणि आठ

मी, हार्लन प्रूइट, वय वर्षे एक्क्याऐंशी, निवृत्त गाडी-मेकॅनिक, राहणार बेकर्स फोर्ड, टेनेसी, लिहून ठेवतो की माझं डोकं ठिकाणावर आहे. मुलगा वेंडेल याला ते मान्य नाही, पण मृत्युपत्र माझं आहे. यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतली ठेव वेंडेलला. छप्पर गळतं, ते त्यानेच बघावं.

२. हत्यारं शेजारी रॉयसला. मोठा पाना नऊ वर्षांपूर्वीच नेलाय त्याने. आता उरलेली न्यावीत.

३. मुख्य मिळकत म्हणजे विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानातल्या वरील दोन खुर्च्या, त्यांची हंगामभराची तिकिटं बावन्न हंगाम माझ्या नावावर. पूर्वी निम्मं मैदान ओस असायचं. आता संघ जिंकायला लागला आणि अख्ख्या राज्याला प्रेमाचं भरतं आलं! प्रतीक्षायादी हजारांत, वर तिकिटाआधी देणगी द्या म्हणे. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेली ओडेसा चाळीस वर्षं शेजारच्या नऊ नंबरवर बसायची. देणगी जमली नाही, म्हणून गेल्या वर्षी तिची खुर्ची काढून घेतली. तिथे आता कोणीतरी फोनमध्ये डोकं घालून बसतो. माझा संताप होतो, आणि हे वाक्य वकिलांनी खोडू नये.

वेंडेल म्हणाला, "बाबा, खुर्च्या माझ्या नावावर करा. सामन्यागणिक विकल्या तरी छप्पर होईल."

तिकीट कचेरीतली बाई म्हणाली, "आजोबा, मुलाच्या नावावर होत नाहीत. तुमच्यामागे फक्त बायकोला. नाहीतर यादीतल्या पुढच्या माणसाला."

माझी मेबल जाऊन आठ वर्षं झाली. मी तिथूनच ओडेसाला फोन लावला. "लग्न करशील माझ्याशी?"

"तिकिटासाठी?"

"मग काय माझ्या रूपासाठी?"

"येडा आहेस," ती म्हणाली. "कोर्टात किती वाजता यायचं?"

गेल्या मंगळवारी लग्न झालं. सबब दोन्ही खुर्च्या माझी पत्नी ओडेसा हिला. वेंडेलने हरकत घेऊ नये.

४. तिकिटाचं मी बोललो, कारण घाबरलो. ओडेसाची खुर्ची जाण्याआधीची काही वर्षं मी सामना कमी आणि तिच्याकडेच जास्त बघायचो. येता हंगाम मी पुरा बघेन असं डॉक्टरांना वाटत नाही. हे कलम माझ्यामागे तिला वाचून दाखवावं, असं आधी लिहिलं होतं. ते खोडलं आहे. ओडेसा बाहेर गाडीत बसली आहे. सही झाली की कागद मीच तिच्या हातात देतो.

सही: हार्लन प्रूइट
आमच्यासमक्ष: नेटी बार्लो, क्लाइड एमोस
बेकर्स फोर्ड, ९ ऑगस्ट २०२४