कोरडी वात

प्रिय धाकट्या,

तुझी लेक मजेत आहे. सुट्टीला येऊन आठच दिवस झालेत, पण माझ्या घराचं तिने पार गोदाम केलंय. रोज फोनवर बोलतो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. अरे, फोनवर तू "ताई, जेवलीस का" एवढं विचारलंस की पुढचं माझ्याच्याने बोलवत नाही.

शाळेमागची ती पांढरी, झडपांची लाकडी पेटी आठवते? आत दोन तापमापक. एकाचा फुगा उघडा, दुसऱ्याच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळलेली आणि तिचं टोक खालच्या बाटलीतल्या पाण्यात. वातीतलं पाणी उडून जाताना फुगा गार होतो. हवा जितकी कोरडी तितकं पाणी भराभर उडतं आणि दोन आकड्यांतला फरक वाढतो. हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल तर पाणी उडत नाही, आकडे सारखे येतात. वीस वर्षं हा धडा शिकवतेय मी, आणि दरवर्षी तो घाईघाईने उरकून टाकते.

हवामान मंडळात आकडे टिपायचं काम तुझं, बाटली भरायचं माझं. तू सातवीत, मी दहावीत. मंडळाची प्रमुख म्हणून माझा तोरा काय विचारू नकोस! त्या उन्हाळ्यात ओठ फुटत होते, वहीची पानं वाळून वळत होती, आणि तुझ्या वहीत मात्र चार दिवस दोन्ही रकान्यांत एकच आकडा. चौतीस, चौतीस. तक्त्याप्रमाणे आर्द्रता शंभर टक्के. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, शाळेत धुकं पडलं होतं का रे? मुलं खो खो हसली. मधल्या सुट्टीनंतर पेटीच बघू, असं सर म्हणाले.

त्या सुट्टीत मी धावत जाऊन बाटली भरली. चार दिवस ती रिकामी होती, वात वाळून कडक झाली होती. दोन्ही फुगे कोरडे, मग आकडे सारखे नाही येणार तर काय? तू जे दिसलं तेच लिहिलं होतंस. सर आले तेव्हा एक चौतीसवर, दुसरा एकवीसवर. बाटली रोज भरतेस ना, असं त्यांनी मला विचारलं आणि मी बेधडक हो म्हणाले. आंतरशालेय स्पर्धेसाठी माझं नाव जायचं होतं ना, दुसरं काय! तू माझ्या ओल्या बाहीकडे बघितलंस आणि मान खाली घातलीस.

वहीवर शेरा पडला, 'आकडे मनाने लिहिले.' तुझं नावच पडलं 'शंभर टक्के'. बाबांनीही तेच उचललं. तू काही सांगायला गेलास की म्हणायचे, शंभर टक्के का रे? पुढे तू मंडळ सोडलंस, मग शास्त्रही सोडलंस आणि सुतारकामाला लागलास. मी बक्षीस घेऊन आले आणि मूग गिळून बसले. तुला काही कळलंच नसेल, अशी स्वतःची समजूत घालत राहिले. मला माझीच लाज वाटते रे.

काल तुझ्या लेकीबरोबर गच्चीत तसेच दोन तापमापक टांगले. आज सकाळी आकडे सारखे, आणि मी घाईने वही मिटायला गेले. ती मात्र शांतपणे वाकून वात बघायला लागली. म्हणाली, बाबांच्या कारखान्यात लाकूड सुकवायच्या खोलीत असेच आहेत. बाबा सगळ्यांना सांगतात, आकडे सारखे आले तर लिहिणाऱ्याला खोटं ठरवू नका, आधी बाटली बघा. शाळेत त्यांना यावरूनच ओरडा बसला होता म्हणे. आणि मग तिने अगदी सहज विचारलं, आत्या, तेव्हा बाटली भरायचं काम कुणाचं होतं गं? कितीदा विचारलं तरी बाबा सांगतच नाहीत. दूध उतू जाईल म्हणत मी आत पळाले. गॅसवर काहीच नव्हतं. तिला उत्तर द्यायचंच आहे, पण आधी तुला देते. माझं होतं रे. चारही दिवस माझंच होतं.

तुझीच,
ओल्या बाहीची ताई