नाडीबद्दल खोटं बोलले

आई,

काल मी तुमची नाडी मोजून "ठणठणीत आहे" म्हणाले, ते खोटं होतं. मधूनच ठोका चुकत होता. तीनदा मोजली, पण वाटलं, आरोग्यशास्त्राच्या पहिल्या वर्षाला मी, माझंच काही चुकत असेल. सकाळी आम्हाला शिकवणाऱ्या बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आजच डॉक्टरांना दाखवा." अकराची वेळ घेतली आहे. हे दहाला घरी येतील, तोवर जिना उतरू नका. माझी प्रात्यक्षिक परीक्षा आटोपली की थेट दवाखान्यात येते. उठवून तोंडावर सांगायचा धीर झाला नाही.

"या वयात कसली पुस्तकं," म्हणून तुम्ही नाक मुरडलंत, पण रोज संध्याकाळी सरावाला हात तुम्हीच पुढे केलात. म्हणून तर हे वेळेवर कळलं.

तुमची सून