चार शिट्ट्या

हॅरो, मार्च २००६

ती. वन्सं यांस,

रोज सकाळी मी मागे कपडे वाळत घालायची आणि तुमचे भाऊ स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवत. मी ओरडायची, "किती झाल्या हो?"

"चार! बंद करतो, नाहीतर डाळीची पेज होईल."

परवा लायब्ररीतल्या एका पुस्तकात पंजाचं चित्र पाहिलं. आठ-नऊशे वर्षांपूर्वी युरोपातले मठवासी ईस्टरची तारीख बोटांच्या पेरांवर मोजून काढत. पेराला अंगठा लावला की समोरच्याला आकडा कळे, बोलावं लागत नसे. मी पुस्तक मिटलं.

वन्सं, एक गोष्ट मी तुम्हाला फोनवर सांगितली नाही. हे पत्रही मी टाकणार नाही बहुतेक.

हॉस्पिटलात त्या संध्याकाळी यांचा अंगठा पेरांवरून फिरत होता. नर्स म्हणाली, "नुसता रिफ्लेक्स आहे, लव्ह." श्वासाचं मशीन दर श्वासाला बारीक शिट्टी देत होतं. नर्स गेल्यावर सवयीने माझ्या तोंडून निघालं, "किती झाल्या हो?"

अंगठा तर्जनीची तीन पेरं ओलांडून मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर थांबला. चार. मग रात्रभर तिथून हलला नाही.

हे 'बंद कर' म्हणत होते, की 'मला ऐकू येतंय' म्हणत होते, ते मला अजून कळलेलं नाही. मी कुणालाच काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मशीन बंद करण्याबद्दल विचारलं, आणि मी हो म्हणाले.

तुमची,
प्रमिला