पाळण्याचं फायनल मास्टर

६ फेब्रुवारी, शुक्रवार
दुरुस्ती. भक्तीताईच्या लग्नाच्या पानावर मी लिहिलंय की माईक बंद पडला म्हणून माझं गाणं अर्धवट राहिलं. माईक चालू होता. मीच बंद पडले. खरं लिहून टाकलं, बरं वाटलं. आता त्या गोष्टीचा माझ्यावर काही परिणाम नाही.

ताईला दुसरा मुलगा झालाय. आई मदतीला पूर्णेला, मी मानवतला घरी एकटी. बारसं पुढच्या शुक्रवारी. ताईचा फोन आला: ये, तू अन् आई पाळणा म्हणा. मी म्हणाले, त्यापेक्षा प्रोफेशनल रेकॉर्डिंग पाठवते, स्पीकरवर लावा. मिक्सिंग, मास्टरिंग सगळं एआय करतो. ताई म्हणाली, पूर्णा एवढी लांब हाय का गं? प्रश्न अंतराचा नाही, क्वालिटीचा आहे.

७ फेब्रुवारी, सकाळी ११
आईने तिकडून पाळणा रेकॉर्ड करून पाठवला. मागे कुकरची शिट्टी. ॲपने एका क्लिकमध्ये शिट्टी काढली. तिच्यासोबत आईचा एक ‘जो’पण गेला. शिट्टी परत आणली.

८ फेब्रुवारी
दाराला गोधडी लावून माझा आवाज रेकॉर्ड केला. सत्तावीस टेक. शेजारच्या मालनबाई भिंतीवरून म्हणाल्या, लेकरू पूर्णेला, अन् तू इथं कुणाला झोपवायलीस?
दाराची गोधडी अजून घट्ट खोचली. टेक खराब झाला असता.

१० फेब्रुवारी
ॲप म्हणतं, दुसरा आवाज उशिरा येतो, दुरुस्त करू? उशिरा येणारच. आईने लहानपणापासून तसंच शिकवलंय: तिची ओळ संपली, तिने श्वास घेतला, की मग आपण उचलायची. पण तज्ज्ञाचं ऐकावं. ‘हो’ दाबलं. आता दोघी एकदम, शाळेच्या प्रार्थनेसारख्या. स्कोअर ९४. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठेही चुकले नाही.

१२ फेब्रुवारी
उद्याची सुट्टी मंजूर झाली होती. रद्द केली. फाईल तर जातेच आहे.

१३ फेब्रुवारी, दुपारी ४
बारशाची वेळ. सकाळीच फाईल पाठवली. मीही कामावरून लवकर घरी येऊन, नवी साडी नेसून इथे स्पीकरवर तीच लावली, म्हणजे दोन्हीकडे एकाच वेळी. पूर्णेच्या मेसेजवर अजून निळी टिक नाही. नेटवर्क असेल.

१४ फेब्रुवारी
आईचा फोन. स्पीकर कुणी चार्जच केला नव्हता. मग आईनेच पाळण्याची दोरी धरली. पहिली ओळ म्हणाली आणि सवयीने थांबली. म्हणाली, तुझी ओळ होती ना. बाया माझ्याकडं बघायल्या, मी दाराकडं बघायले.
मग?
मग बाळच रडलं. सगळ्या हसल्या. घुगऱ्या वाटल्या.
मी विचारलं, फाईल नंतर तरी ऐकलीस का? म्हणाली, ऐकली. लय साफ हाय. पण त्यात तू माझ्यासाठी थांबतच न्हाईस.

१५ फेब्रुवारी
दुरुस्ती. स्कोअर ९४ होता हे खरं. कुठेही चुकले नाही, हे खोटं.
जाऊन पाळणा म्हणायचा. बाळासमोर, आईच्या मागून. आज रविवारच आहे, पण महाशिवरात्र, गाड्यांना गर्दी. शिवाय घसा बसलाय. लॅपटॉप नेणार नाही. पेनड्राईव्ह फक्त, अडचणीला. मालनबाईंना सांगून ठेवलंय, म्हणजे रद्द करता येणार नाही.
रविवार, २२ फेब्रुवारी. सकाळची पहिली गाडी.