खळ्यावर कबर

दाराची कडी लावून परत बसले आहे. बाहेर ओसरीवर जागेश्वर आहे, माझा धाकटा दीर. त्याने दोनदा दार वाजवले, आता नुसता बसून आहे. यापुढे अक्षर वेडेवाकडे दिसले तर ते भीतीमुळे आहे, बुद्धी ठिकाणावर नसल्यामुळे नाही. हे येथेच नोंदवते.

मी, सुलोचनाबाई ताराचंद दिघोरे, वय एकाहत्तर, निवृत्त परिचारिका, धर्म ख्रिस्ती, राहणार पुनर्वसन वसाहत, आसगाव, तालुका पवनी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणी सांगितले म्हणून लिहीत नाही आणि कोणी अडवले म्हणून थांबणार नाही. उद्या सकाळी नागपूरला जायचे आहे. परवा हृदयाची शस्त्रक्रिया. डॉक्टर म्हणाले, बहुतेक सुखरूप घरी याल. 'बहुतेक' हा शब्द मी पस्तीस वर्षे बाळंतिणींच्या नवऱ्यांना सांगत आले. त्याचे वजन मला माहीत आहे.

कलम एक. घर आणि त्याला लागून असलेली टिनाची प्रार्थनेची खोली माझ्या बहिणीची मुलगी तृप्ती हिला. खोली दर रविवारी मंडळीसाठी उघडावी. मंडळी म्हणजे अकरा माणसे, पाऊस असला तर सहा. रक्तदाब मोजायचे यंत्र तिलाच. तीही परिचारिका आहे. गावातल्या कोणाला तपासायला नाही म्हणू नये, आपल्याला नाही म्हणणाऱ्यांनासुद्धा.

कलम दोन. पाळक पवनीहून महिन्यातून एकदा येतात. बाकीच्या रविवारी प्रवचन मी करते. त्याच्या वह्या अठ्ठावीस आहेत. त्याही तृप्तीकडे.

कलम तीन. पहिली साक्षीदार आमच्या मंडळीतली रंभाबाई शिवणकर. लाखांदूरच्या वकिलांनी समजावले की ख्रिस्ती माणसाच्या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्याच कागदातून काही मिळत नाही. लिहिले असले तरी ते रद्द होते. म्हणून रंभाबाईला येथे काही ठेवलेले नाही. माझे बायबल दुपारी तिच्या हातात दिले. ती आता आत चुलीपाशी बसून ते उलटे धरून रडते आहे.

दुसरे साक्षीदार वसाहतीतले पुंडलिकराव व्हायचे होते. गुडघा धरला, येता येत नाही, असा निरोप आला. सकाळी लाखांदूरच्या बसमागे धावताना मी त्यांना पाहिले. ते साक्षीदार नाहीत, त्यामुळे त्यांना काही देता येते. माझी काठी त्यांना द्यावी.

कलम चार. हे कलम सगळ्यात महत्त्वाचे आहे. मला जाळू नये. मला पुरावे.

माझे पती ताराचंद यांना पंचवीस वर्षांपूर्वी जुन्या गावात आमच्याच वावरात पुरले होते. गोसीखुर्द धरणाचे पाणी आले, गाव उठले, वावर बुडाले. ते आता पाण्याखाली आहेत. त्यांच्याजवळ जागा मिळावी असे मी मागत नाही. नव्या वसाहतीत स्मशान आहे, पुरायची जागा नाही. म्हणून मोबदल्यातून घेतलेल्या माझ्या वावरात, वरच्या धुऱ्यावर, पळसाजवळ कबर करावी. धुरा म्हणजे वावराचा बांध. बाकी वावर जागेश्वरला द्यावे, कारण ते त्याच्या बापाच्या जमिनीच्या मोबदल्यातून आले आहे आणि त्याची धानाची बांधी त्याला लागून आहे. अट एकच. कबर राहू द्यावी.

येथपर्यंत लिहिले आणि तो पुन्हा बोलला.

"वैनी, गावात आयकलं मी. तू मातीत जाऊन राहिली अन् माह्या बांधीच्या वर. पाणी कुठून उतरते? तुह्या बांधीतून माह्या बांधीत. तुह्या हाडाईचं पाणी मी धानाले देऊ का?"

मी ते येथे उतरवून घेतले.

"अन् उद्या काई झालं तं कागदबिगद काई नाई चालत. दुसऱ्याची सही कुठं हाय? घरचा माणूस मी हाव. मीच आणीन तुले नागपूरवरून. आमच्या रीतीनंच होईल, सांगून ठेवतो."

हे त्याचे खरे आहे. दुसरी सही नसेल तर हा नुसता कागद आहे. वसाहतीत सही करील असा माणूस उरला नाही. मी तिघांना विचारले होते.

काल नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. मी मत्तयाच्या शुभवर्तमानातील ते वचन घेतले होते : वेदीपाशी अर्पण आणलेस आणि तेथे आठवले की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी त्याच्याकडे जा. हे वचन मी चाळीस वर्षे वाचत आले आणि दरवेळी माझ्या मनात कोणाविरुद्ध काय आहे ते तपासले. तेथे ते विचारलेलेच नाही. भावाच्या मनात काय आहे, ते विचारले आहे. काल बोलता बोलता मला ते दिसले आणि मी पुढचे वाक्य विसरले. मंडळीला वाटले, छातीत दुखते आहे. रंभाबाईने पाणी आणले.

मी कडी काढली.

तो उठला नाही. मी उंबऱ्यावर बसले, कागद मांडीवर.

"भाऊजी, सही तुमी करा."

"मी?" तो हसला. "पंचवीस वर्षं मले शिव्या देल्या, अन् आता सही मागतं?"

"शिव्या कधी देल्या?"

"दर रविवारी. टिनाची भिंत हाय वैनी, दगडाची नाई. मी तिकडं गाईले चारा टाकतो अन् तू इकडं मले टाकतं. 'एक भाऊ होता, तो बाहेरच उभा राह्यला. एक भाऊ होता, त्यानं खांदा नाई देला.' धुरपता बी म्हणते, चला, तुमची गोष्ट लागली."

धुरपता ही त्याची बायको. आतून रंभाबाई हसली आणि लगेच गप्प झाली.

मी त्याला कलम चार वाचून दाखवले. वावर त्याला दिल्याचे ऐकल्यावर तो गोठ्याकडे पाहू लागला. मग मी वकिलांचे म्हणणे सांगितले. सही केली तर वावर जाईल. सही केली नाही तर कागदच जाईल.

"वीरेंद्रच्या नावानं करू?" मी विचारले. वीरेंद्र त्याचा मुलगा, नागपूरला असतो. मुलाला देण्यात कायद्याची अडचण नाही.

"तो इकून टाकन. राहू दे."

"मंग?"

"मंग काई नाई. खरं लिव. भाऊ गेला त्या दिवशी काय झालं थे लिव. मंग पाहू."

मी म्हणाले, मृत्युपत्रात असले लिहीत नाहीत.

"प्रवचनात लिवते का?"

म्हणून पुढचे कलम लिहिते. तो समोर बसून आहे. माझ्या हाताकडे पाहतो आहे.

कलम पाच. माझे पती वारले त्या सकाळी जागेश्वर पितळी गडव्यात गंगाजल आणि तुळशीचे पान घेऊन आला होता. भावाच्या तोंडात घालायचे होते. आमच्या मंडळीचे वडीलधारे अंगणात बसले होते. त्यांना वाटेल, सुलोचनाबाईचा विश्वास कच्चा आहे, घरात अजून जुने चालते. एवढ्याच भीतीने मी दारात आडवी उभी राहिले आणि त्याला हाकलले. तो गडवा घेऊन परत गेला. शवपेटी उचलली तेव्हा तो नव्हता, कारण मी त्याला येऊ दिले नव्हते.

त्यानंतर मी लूकमधल्या दोन मुलांच्या गोष्टीवर एकूण किती प्रवचने केली ते वह्यांत आहे. धाकटा घरी परत येतो, बाप मेजवानी घालतो, मोठा रागाने बाहेर उभा राहतो. जागेश्वर धाकटा, पण माझ्या प्रवचनात तो नेहमी मोठा होता. मी नाव कधी घेतले नाही. नाव घेतले असते तर कोणी उलट विचारले असते. त्या गोष्टीत बाप बाहेर येऊन मोठ्या मुलाला विनवतो, हा भाग मी पटकन उरकत असे.

मी वचन खोटे सांगितले नाही. वचनाच्या आडून खोटे सांगितले. हे देवासमोर कबूल केले आहे; आता जागेश्वर, रंभाबाई आणि जो कोणी हा कागद वाचील त्याच्यासमोर करते. कलम दोनच्या वह्यांत ही गोष्ट जेथे जेथे आली आहे, तेथे तृप्तीने या कलमाची नक्कल चिकटवावी. माझ्या अंत्यविधीला माझ्याविषयी प्रवचन करू नये. शुभवर्तमानातील उतारा वाचावा आणि गप्प बसावे.

हे वाचून दाखवले. जागेश्वरने धोतराच्या सोग्याने तोंड पुसले.

"कबर धुऱ्यावर नको," तो म्हणाला. "खळ्यावर ठेव. उंच हाय. तिथं पाणी नाई चढत."

"खळं तर लागते तुमाले."

"कोपऱ्यात ठेव म्हणलं."

कलम चारमध्ये 'वरच्या धुऱ्यावर, पळसाजवळ' खोडून 'खळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यात' असे केले आहे. जागेश्वर साक्षीदार झाल्यास वावर कबरीच्या त्याच अटीवर तृप्तीला मिळावे. ते तिने कोणाला कसायला द्यावे हे मी सांगत नाही. सांगितले आणि तो साक्षीदार झाला, तर तेही रद्द होईल.

मी लेखणी पुढे केली. त्याने घेतली नाही.

"धुरपताले विचारतो," म्हणून तो गेला. तिला विचारून त्याने आजवर काही केलेले मला आठवत नाही.

येणेप्रमाणे मी माझे म्हणणे पुरे केले आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही. खाडाखोडीजवळ माझी सही आहे. दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवते.

ठिकाण : आसगाव
दिनांक : २ डिसेंबर २०२४, सायंकाळी सहा

सही : सुलोचनाबाई ताराचंद दिघोरे

साक्षीदार :
१. रंभाबाई शिवणकर
२.

३ डिसेंबर, सकाळी. जागेश्वर साडेसहाला आला. रंभाबाई रात्री येथेच होती. वकिलांनी सांगितल्याप्रमाणे मी दोघांसमोर पुन्हा सही केली. जागेश्वरने आधी कलम पाच मागून घेतले आणि चष्मा लावून वाचले. 'हाकलले' या शब्दावर बोट ठेवून म्हणाला, "हाकललं नव्हतं. थांबवलं होतं." मी तो शब्द खोडून 'थांबवले' असे लिहिले. त्या दुरुस्तीजवळ आम्ही तिघांनी सह्या केल्या. मग क्रमांक दोनपुढे त्याने पूर्ण नाव लिहिले : जागेश्वर दिघोरे. सात वाजता गाडी निघाली.