तिला एखादं कारण द्या

१२ तारीख, दुपार

प्रिय ताई,

तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला थांबला का? मी बरी आहे. हे पत्र चौथ्यांदा लिहायला घेतलंय आणि मधेच उठून गॅस बंद आहे ना, ते तीनदा पाहून आले. बंदच आहे. तू मला भुणभुण म्हणतेस ते उगाच नाही.

संपादकबाईंना कादंबरी आवडली, नायिका नाही. म्हणाल्या, "अहो, बाई इतकी वाईट वागते, वाचक तिला सहन कसे करतील? तिला एखादं कारण द्या. लहानपणी काहीतरी सोसलेलं दाखवा." शुक्रवारपर्यंत नवं प्रकरण हवंय.

बसले लिहायला. आधी तिच्या बापाला दारुडा केलं. पण डोळ्यांसमोर आपले बाबा, खोकल्याचं औषधसुद्धा पाणी घालून घेणारे! हसूच आवरेना. मग आईला मोठीचे लाड करायला लावले. तेही जमेना. आपली आई बिस्किट मोडून दोन्ही तुकडे आपल्याला दाखवायची, "बघा गं, सारखे आहेत ना?" शेवटी मोठ्या बहिणीलाच खाष्ट केलं. ते मात्र झकास उतरलं, ताई. वाचताना नायिकेची दया येऊन मला रडू आलं. मग स्वतःचीच शिसारी आली आणि पानं फाडून टाकली.

ती नायिका करते काय, हे तुला अजून सांगितलंच नाही. ती बहिणीचं पत्र लपवते.

नर्सिंगच्या शाळेचं बोलावणं आलं होतं तुला. पोस्टमनने ते माझ्याच हातात दिलं. बावीस वर्षं तू त्या बिचाऱ्याच्या नावाने बोटं मोडतेस आणि मी शेजारी बसून "हो ना, मेला आळशी" म्हणते. मी ते फोडलं, वाचलं आणि माझ्या वह्यांखाली सरकवलं. मी सतरा वर्षांची होते. तुझ्यावर राग नव्हता. नुकतीच पोटभर जेवले होते. तुला मिळू नये असं वाटलं, एवढंच. आणि तू अजून त्या कापडदुकानात दिवसभर उभी असतेस.

कारण असतं तर तुला केव्हाच सांगितलं असतं.

बाईंना कळवलंय, नवं प्रकरण मिळणार नाही. पुस्तक छापायचं की नाही, ते तू ठरव. नको म्हणालीस तर परत मागवीन.

माफी मागत नाही. मागितली तर तू देशील, हे मला ठाऊक आहे.

तुझं पत्र सोबत ठेवलंय. हजर राहायची तारीख दुसऱ्या ओळीत आहे.

तुझी, अजून म्हणू देणार असशील तर,
भुणभुण