पीटरच्या नावाची मिस्सा

३ नोव्हेंबर
म्हातारबा आजही नाश्ता न करता बाल्कनीत. समोरचे, आखाताच्या पाण्यातल्या रीम आयलंडचे टॉवर बघत रडत होते. नव्वदी ओलांडलेला गोरा माणूस रडायला लागला की काय करायचं, हे नर्सिंगमध्ये कुणी शिकवलं नाही. "पीटर गेला," म्हणाले. कोण पीटर? तर ते तरुण होते तेव्हा इंग्लंडात रेसच्या गाड्या चालवायचा. दोनच सीझन. सगळे म्हणायचे, हा चॅम्पियन होणार. मग एका वळणावर...
"सर, त्याच्यासाठी कुणी प्रार्थना केली?"
"नोबडी, फिलू. कबरसुद्धा नाही."
नोव्हेंबर हा आमच्यात मृतांचा महिना, गेलेल्यांच्या नावाने चर्चमध्ये मिस्सा होते. माझा नवरा बस्त्याव संध्याकाळी चर्चमध्ये आमच्या मयतांची नावं देणार होता. फोन करून सांगितलं, पप्पांच्या नावाखाली पीटर लिही.

७ नोव्हें.
मिस्सा झाली. फादरांनी नाव स्पष्ट वाचलं. म्हातारबांना सांगितलं तर हात घट्ट धरला, आणि दोन अंडी खाल्ली! मी खूश.

१० नोव्हें.
कुठून ही बुद्धी झाली मला. मुलगा आला, डेव्हिडसाहेब. शनिवारी ट्रॅकवर जुन्या गाड्यांचा मेळा आहे, त्यात डॅडला एकदा तरी बसवायचं म्हणे. मोबाईलवर जुना फोटो दाखवला. गाडीत कोवळा पोरगा, खाली नाव पीटर.
मी म्हटलं, "ओह, सरांचा फ्रेंड. जो वारला."
साहेब हसले. "फिलू, दॅट इज डॅड!" साहेबांच्या आजोबांची परवानगी नव्हती, म्हणून सर खोट्या नावाने चालवायचे. मग एकाएकी सोडलं. का, ते कधीच सांगितलं नाही.
म्हणजे जित्या माणसाची मृतांची मिस्सा केली मी! आणि तो माणूस समोर बसून पपई खातोय. मग रडत होता तो कुणासाठी? डोकं चालेना.

११ नोव्हें.
बस्त्याव म्हणतो, "अगं, मिस्सा काय वाया जाते? ॲडव्हान्समध्ये झाली समज." याला वेळकाळ नाही.
म्हातारबांना कणकण आहे. मी घाबरले आहे, खरंच. उद्या दिष्ट काढणार. आई वसईला काढायची तशीच, मीठ-मिरची ओवाळून.

१२ नोव्हें.
शोभा झाली. मिरच्या तव्यावर टाकल्या आणि स्मोक अलार्म! अख्खा मजला बाहेर. वॉचमन ओरडतोय, "मॅडम, क्या जलाया? यल्ला, यल्ला, जल्दी चलो!" मी व्हीलचेअर घेऊन कॉरिडॉरमधून पळत सुटले. कोपरा आला तसा म्हातारबा आतल्या बाजूला झुकले आणि ओरडले, "ब्रेक नको, फिलू! डोंट ब्रेक!" इतके हसले की ठसका लागला. ताप उतरला. दिष्टीने की पळण्याने, देव जाणे.

१३ नोव्हें.
आज स्वतःच बोलले. त्या वळणावर कुणी मेलंबिलं नव्हतं. गाडीला ओरखडाही नाही. "जिथे कधी ब्रेक मारला नव्हता, तिथे मी ब्रेक मारला. भीती वाटली. पीटरला कधी भीती वाटायची नाही. मग तो पीटर उरलाच कुठे?"
मी मिस्साबद्दल माफी मागितली. तर म्हणाले, "थँक यू. इतकी वर्षं कुणी मातीच दिली नव्हती."
बरं वाटावं की वाईट? अजून ठरवता येत नाही.

१५ नोव्हें., शनिवार
डॉक्टर नको म्हणाले, साहेब हो म्हणतात. म्हातारबा कालपर्यंत नाहीच म्हणत होते, आणि आज मी उठायच्या आधी कोट घालून तयार. मांडीवर चामड्याचे जुने हातमोजे. बोटं आत जाईनात. मी एकेक बोट घालून दिलं.
साहेबांचा फोन आला, गाडी खाली उभी आहे.
म्हातारबा उठेनात. माझ्याकडे बघत विचारलं, "फिलू, चर्चमध्ये दिलेलं नाव परत घेता येतं का?"
मला माहीत नाही. बस्त्यावला फोन लावलाय, फादरांना विचार म्हणून. फोन उचलत नाही. खाली हॉर्न वाजतोय.